ताटातलं रक्त

मिरज,
आषाढ शुद्ध द्वितीया

चि. भाचीबाईंस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा दीड मिनिटाचा निरोप तीनदा ऐकला. एकदा तुझ्यासाठी, एकदा तुझ्या मामीला ऐकवायला आणि तिसऱ्यांदा मागच्या आवाजासाठी. मागे ब्लोअर चालू होता आणि त्याचा पट्टा किंचाळत होता. पट्टा सैल झालाय. उद्या सकाळी फिटरला आधी तेवढं सांग, बाकीचं पत्र मग वाच.

तू म्हणतेस, एम.एस्सी. करून शेवटी कोंबड्यांच्या रक्ताचं पाणी राखायला आले. आणि तुझी आई शेजारीपाजारी सांगत फिरते की लेक फूड कंपनीत क्वालिटीला आहे. सांगू दे. तुझ्या आजीनंही बत्तीस वर्षं लोकांना 'मुलगा पाण्याच्या खात्यात आहे' असंच सांगितलं. खोटं नव्हतं. पाणी कुठल्या बाजूचं, तेवढं ती सांगत नव्हती.

मी कत्तलखाना पाहिला, मासळीचा कारखाना पाहिला, डेअरी पाहिली आणि तुझ्यासारखाच कोंबडीचा प्लँटही पाहिला. डेअरीचं पाणी आंबतं, मासळीच्या पाण्यात मीठ असतं. तुझ्याकडे रक्त आणि चरबी. रक्तापासून सुरुवात करतो, कारण ते नीट समजलं की अर्धी नोकरी समजली.

तू सात-आठ वर्षांची असताना आपण यात्रेला गावी गेलो होतो. बोकड पडायच्या वेळी तू घरात पळालीस, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस. खाटकानं सुरी काढायच्या आधीच आजी जर्मनचं मोठं ताट घेऊन उभी होती, ताटात चिमूटभर मीठ. मानेखाली ताट धरलं, एक थेंब खाली जाऊ दिला नाही. दहा मिनिटांत रक्त थिजलं आणि खरवसासारखं थलथलायला लागलं. ते उकडून, वड्या पाडून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतलं की झाली रक्ती. तू दोनदा मागून घेतलीस आणि मग विचारलंस, हे काय होतं म्हणून. कातडं विकलं गेलं, वझरी धुऊन शिजली, पायांचा रस्सा झाला, पोटातला चारा उकिरड्यावर खताला गेला. जागा धुवायला दोन बादल्या पाणी लागलं आणि ते शेवग्याच्या मुळाशी ओतलं. त्या बोकडाचं सांडपाणी एवढंच.

आता तुझ्या प्लँटमध्ये बघ. एका कोंबडीमागे पंधरा-वीस लिटर पाणी जातं: पिसं सुटावीत म्हणून गरम पाण्यात बुडवायला, आतडी काढताना धुवायला, थंड करायला आणि रात्री सगळा हॉल धुवायला. आजीच्या ताटात जे अन्न होतं तेच पाण्यात पडलं की दुखणं होतं. हे दुखणं केवढं, ते तू पुस्तकात वाचलं असशील, पण पुस्तकातला आकडा अंगाला लागत नाही. म्हणून जरा हिशेब मांडू.

रक्ताचा बीओडी लिटरला दीड ते दोन लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे एक लिटर रक्त जिरवायला जीवाणूंना निदान दीडशे ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्याकडच्या उन्हात स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन विरघळून मावतो लिटरला फार तर आठ मिलिग्रॅम. भागाकार कर. एक लिटर रक्त जवळजवळ एकोणीस हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन पिऊन टाकतं. उन्हाळ्यात गावाला येतात तसले दहा हजार लिटरचे दोन टँकर, आणि समोर एक तांब्याभर रक्त.

पुढे जाऊ. दोन किलोच्या कोंबडीतून नीट निथळलं तर साधारण साठ मिलिलिटर रक्त बाहेर येतं. दहा हजार कोंबड्यांचं झालं सहाशे लिटर, आणि त्याचा बीओडी नव्वद किलो. माणूस दिवसाला पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम बीओडी गटारात सोडतो असं धरतात. म्हणजे दहा हजार कोंबड्यांचं नुसतं रक्त नालीत गेलं, तर दोन हजार वस्तीचं एक गाव तुझ्या टाकीत येऊन बसलं. हे गाव रोज सकाळी सहा ते दोनमध्ये येतं आणि त्याला ग्रामपंचायत नसते.

म्हणून मला विचारशील तर निम्मं ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, टाकीत नसतं, कोंबड्या टांगतात त्या हॉलमध्ये असतं. सल्लागार येतात आणि टाकी वाढवा, मेम्ब्रेन बसवा म्हणून सांगतात. मालकांनाही ते आवडतं, कारण मशीन विकत घेता येतं, फोटो काढता येतो. मान कापल्यावर पक्षी किती सेकंद निथळतो हे मात्र कुणी घड्याळ लावून बघत नाही. तू बघ. दीड-दोन मिनिटं तरी मिळायला हवीत. लाईनचा वेग वाढवला की ती सत्तर-ऐंशी सेकंदांवर येतात आणि उरलेलं रक्त पुढे गरम पाण्याच्या टाकीत सांडतं. तिथून ते वेगळं काढणं माणसाच्या हातात राहत नाही.

रक्ताच्या चरीच्या तोंडाशी दोन वाटा असतात. एक रक्ताच्या टाकीकडे, दुसरी तुझ्याकडे. त्या दोन वाटांवरचा व्हॉल्व्ह ही सगळ्या कारखान्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे आणि तो बहुधा पाळीतल्या सगळ्यात नव्या पोराच्या हातात असतो. काम चालू असताना वाट रक्ताच्या टाकीकडे. शिफ्ट संपली की आधी रबरी वायपरनं थिजलेलं रक्त ओढून त्याच टाकीत ढकलायचं, पिसं-आतडी फावड्यानं उचलायची, आणि मगच व्हॉल्व्ह फिरवून पाईप लावायचा. झाडू आधी, पाणी नंतर. घरात बायका हेच करतात. कारखान्यात पुरुषांच्या हातात पाईप दिला की त्यांना वाटतं पाण्यानंच झाडायचं असतं. टाकीतलं रक्त वाळवून त्याची भुकटी करता येते, पिसं शिजवून त्यांचाही भुगा होतो, आणि दोन्ही पशुखाद्यात विकली जातात. तुझ्याकडे टँकर येऊन रक्त नेतो असं तू म्हणालीस. तो रोज येतो का, हे विचार. 'रोज' या शब्दावर जोर देऊन विचार.

चरबीचं एक सांगून ठेवतो. पोरं हॉल उकळत्या पाण्यानं धुतात, कारण चरबी पटकन सुटते. सुटते खरी, पण वितळलेली चरबी तुझ्या ग्रीस ट्रॅपमधून पाण्यासारखी निघून जाते आणि पुढे नालीत गार झाली की मेणासारखी गोठते. ट्रॅप बिचारा रिकामा आणि पाईप तुंबलेला. असं दिसलं की ट्रॅपला दोष देऊ नकोस, गीझरकडे बघ.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी मी तुझ्या मामीशिवाय कुणाला सांगितलेली नाही. कारखान्याचं नाव मागू नकोस.

आखाडाचे दिवस होते, आत्ता आहेत तसेच. तुला माहीत आहे, आपल्याकडे आषाढी एकादशी उलटली की लोक आखाड साजरा करायला लागतात आणि गटारी अमावास्येला तर दुकानांपुढे रांगा. श्रावण लागायच्या आत सगळ्यांना खाऊन घ्यायचं असतं. आमची लाईन तेव्हा एका पाळीवरून दोन पाळ्यांवर गेली. अमावास्येच्या आदल्या रात्री रक्ताची टाकी भरली, आणि टँकर काही आला नाही. ड्रायव्हरचा फोन लागेना. पाळीच्या सुपरवायझरनं मला विचारलं, "साहेब, थोडं तुमच्याकडे सोडू का?" मी 'नाही' म्हणालो नाही. 'बघा' म्हणालो. बाई गं, आपल्या भाषेतला हा फार सोयीचा शब्द आहे. पुढे त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं लावायचा.

पहाटे मी गेलो तेव्हा ॲरेशन टँकवर कमरेएवढा फेस होता, गुलाबी. ब्लोअर दोन्ही चालू, पण मीटरवर ऑक्सिजन शून्य पूर्णांक एक. दुपारपर्यंत टाकी काळी पडली आणि कुजक्या अंड्याचा वास सुटला. संध्याकाळी क्लॅरिफायरमधून गाळ पाण्याबरोबर वाहून ओढ्यात गेला. मी लॉगबुकात काय लिहिलं माहितेय? ऑक्सिजन दोन पूर्णांक शून्य. रोज लिहीत होतो तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर एक बाई आली. खालच्या वस्तीवरची असावी. डोक्यावर घमेलं. तिनं ते वॉचमनच्या टेबलापाशी उतरवलं आणि वळून निघून गेली. भांडण नाही, शिवी नाही. घमेल्यात चिलापी होती, सगळी तळहाताएवढी, डोळे पांढरे झालेले. घमेलंही ती परत न्यायला आली नाही. मी नोकरी सोडेपर्यंत ते गेटच्या मागे पडून होतं, आणि वॉचमन त्यात तुळस लावू या म्हणायचा. मी नको म्हणायचो.

असो.

जीवाणूंबद्दल तू कॉलेजात शिकलीसच, तरी एक सांगतो. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट नावाच्या दोघांनी एक साधी गोष्ट केली. सांडपाण्याच्या बाटलीत हवा फुंकत राहिले. पहिल्या खेपेला पाणी पुरतं निवळायला पाच आठवडे लागले. सगळे तळाचा गाळ फेकून द्यायचे, यांनी तो ठेवला, वर नवं सांडपाणी ओतलं आणि पुन्हा हवा दिली. असं करत करत काम एका दिवसावर आलं आणि पुढे तासांवर. तुझी टाकी आजही याच युक्तीवर चालते. आपल्या बायकांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नसता, हे सरळ विरजण आहे. त्या दोघांना ज्यांनी ही वाट दाखवली ते गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांनी बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे हे विरजण आपल्या देशात अगदी ताजं असतानाच पोचलं होतं.

विरजणाचा वास ओळखायला शीक. चांगल्या टाकीचा रंग कोकोसारखा आणि वास पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा. हे मी अलंकारानं म्हणत नाही, मातीतला तो वास ज्या जातीचे जीवाणू देतात तसलेच गाळातही असतात. बीओडीचा निकाल यायला तीन दिवस लागतात, सत्तावीस अंशांवर बाटल्या ठेवून. सोमवारची चूक गुरुवारी कळते. तोवर तुझ्याकडे नाक, डोळे आणि एक लिटरचं काचेचं सिलिंडर एवढंच आहे. सिलिंडरमध्ये टाकीचं पाणी भर, अर्धा तास ठेव, गाळ कुठल्या रेघेवर बसला ते लिही. बसलेला गाळ थोड्या वेळानं ढेकळं होऊन वर तरंगायला लागला तर घाबरू नकोस आणि गाळ बसवायचं पॉली ओतू नकोस. रक्त म्हणजे प्रथिन, प्रथिनाचा साधारण सहावा हिस्सा नायट्रोजन. त्याचा आधी अमोनिया, मग नायट्रेट होतं, आणि तळाशी हवा संपली की नायट्रेटमधून नायट्रोजन वायूचे बुडबुडे निघून गाळाला उचलतात. गाळ तळाशी फार वेळ पडून राहिलाय, एवढाच त्याचा अर्थ. गाळाच्या परतीचा पंप वाढव. अमोनियाला ऑक्सिजनही भारी लागतो, किलोमागे साडेचार किलो. म्हणून बीओडी संपला असं समजून ब्लोअर बंद करणारे लोक रक्ताच्या पाण्यात फसतात.

आठवड्यातून एकदा सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघत जा. देठावर उभ्या घंटेसारखे जीव दिसतील, व्होर्टिसेला. काचेला टिचकी मारलीस की देठ स्प्रिंगसारखा आखडून घेतात, अगदी लाजाळूसारखे. ते दिसले की त्या दिवशी मी निवांत चहा घ्यायचो. रात्रीच्या धुलाईत कुणी जंतुनाशक जास्त ओतलं की सकाळी पहिले तेच गायब होतात. बादलीवरचं नाव वाचत जा. हॉल निर्जंतुक करायला आणलेलं औषध नाली ओलांडली की तुझे कामगार मारतं.

आणि हे कामगार आखाडात जेवतात, श्रावणात उपाशी राहतात. गटारीच्या दुसऱ्या दिवशी कोंबड्या एकदम निम्म्यावर येतात. नवा माणूस अशा वेळी दोन चुका करतो: आखाडात गाळ वाढला म्हणून भराभर काढून टाकतो, किंवा श्रावणातही ब्लोअर पूर्ण चालवून उपाशी जीवाणूंना हवा पाजत राहतो, मग गाळ फुटून पाणी गढूळ होतं. तुझ्याकडे समतोलाची मोठी टाकी आहे, इक्वलायझेशनची. तिचा उपयोग आठवड्यापुरता न करता महिन्याच्या हिशेबानं कर. सगळं पाणी एका दिवसात पुढे ढकलायची घाई नको. लाईन मॅनेजरकडून पुढच्या पंधरवड्याचा कोंबड्यांचा आकडा आधी मागून घे. तो देणार नाही. रोज माग.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात प्रदूषण मंडळ १९७० सालीच आलं, दिल्लीचा पाण्याचा कायदा १९७४ चा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचे सर्वसाधारण आकडे तुझ्या भिंतीवर लावलेले असतील: बीओडी तीस, सीओडी अडीचशे, तेल-चरबी दहा. तुमच्या कन्सेंटमध्ये याहून कडक असतील तर ते पाळायचे. बोर्डाचा माणूस सॅम्पल घ्यायला आला की लोक टाकीत साधं पाणी सोडतात, ते तू बघशील. मी बघितलंय. लॉगबुक मात्र तुझ्या अक्षरात असतं.

परवा वाचत होतो. शिकागोला युनियन स्टॉक यार्ड्स नावाचा जनावरांचा अवाढव्य बाजार आणि कत्तलखान्यांचा पट्टा होता, १८६५ पासून. तिथलं रक्त-आतडी नदीच्या एका फाट्यात जायची. तळाशी कुजणाऱ्या थरातून एवढे बुडबुडे यायचे की त्याचं नावच बबली क्रीक पडलं. ते यार्ड बंद झालं १९७१ ला, आणि गंमत बघ, आपलं देवनारचं कत्तलगृह चालू झालं तेही १९७१ लाच. यार्ड बंद होऊन अर्धशतक उलटलं तरी त्या फाट्यातून बुडबुडे येत राहिले. तिकडे इतका पैसा, इतके इंजिनियर, तरी तळाचा थर उपसणं सोपं नाही. आमच्या ओढ्यात मात्र दुसऱ्या पावसाळ्यात मासे परत आले. ओढा लहान होता आणि पूर मोठा आला, माझं त्यात काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र मामा म्हणून नाही, वरिष्ठ म्हणून सांगतो. रक्ताची टाकी, सम्प, गाळाचा खड्डा, यांत कुणालाही उतरू द्यायचं नाही. पंप अडकला तरी नाही, मोबाईल पडला तरी नाही, मॅनेजर ओरडला तरी नाही. कुजक्या अंड्याचा वास येतोय तोवर निदान कळतं. वायू वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि खालचा माणूस 'आता बरंय' म्हणत खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पंप साखळीनं वर ओढायची सोय नसेल तर ती करून घे, तोवर टाकी भरून वाहिली तरी चालेल. बोर्डाला मी काय ते सांगेन म्हण. मेलेल्याच्या घरी जाऊन काय सांगणार?

माझा जुना सूक्ष्मदर्शक एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. बारीक फिरकी जरा घट्ट आहे, जोर लावू नकोस. काचपट्ट्या मामीच्या मसाल्याच्या डब्यात बांधल्यात, डबा परत हवाय.

गटारीला तुला सुट्टी मिळणार नाही हे मला सांगायला नको. पण त्याच्या आधीचा एखादा रविवार काढ. मामी म्हणते, खाटकाला सांगून ठेवलंय, ताट घेऊन ती स्वतः जाणार आहे.

तुझा,
मामा

ता. क. पट्टा बदलला का? जुना नुसता ताणू नका, दोन्ही पट्टे जोडीनं बदला.